केसपेपरवरचा लग्नाचा रकाना

पत्र

ताई, नमस्कार.

मी एका ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीनांच्या सल्ला केंद्रात, समुपदेशक आहे. दोन वर्षं झाली. वय सव्वीस. मागच्या महिन्यात चार दिवसांच्या अंतरानं दोन मुली आल्या, त्या डोक्यातून जात नाहीत.

पहिली एकोणीस वर्षांची, कॉलेजला जाणारी, लग्न न झालेली. मित्राशी संबंध आहेत, दिवस जाऊ नयेत म्हणून काय वापरू, एवढंच तिला विचारायचं होतं. मी बोलायला लागले तेवढ्यात कपाटातलं रजिस्टर न्यायला सिस्टर आत आल्या आणि म्हणाल्या, "लग्नाआधी कसलं गं कुटुंबनियोजन?" मुलगी उठून गेली. मी तिला थांबवलं नाही.

दुसरी सासूबरोबर आली. पाचवा महिना. आधारकार्डावर वय एकोणीस. सासू बाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाली, "दिवाळीला अठरा पुरी होतील." तिचं सगळ्यांनी कौतुक केलं, कार्ड काढलं, रक्त तपासलं, गोळ्या दिल्या. मी गप्प बसले.

आता जिल्ह्याच्या बैठकीत 'किशोरवयीनांच्या समस्या' यावर दहा मिनिटं बोलायचं आहे. जुन्या पीपीटी चाळल्या. सगळीकडे तेच: किशोरवयीन गर्भधारणा, एचआयव्ही, व्यसनं, मोबाइल, 'उद्याच्या माता'. माझ्यासमोर येऊन बसणारी मुलं त्यात मला दिसतच नाहीत. माझंच काही चुकतंय का? तिथे काय बोलू? आणि त्या दोघींचं काय करू?

— एक समुपदेशक, मराठवाडा

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुला जे खटकलं ते बरोबर खटकलं. पण सुरुवात दुसऱ्या मुलीपासून करते, कारण तिथे आधीच एक महिना गेला आहे.

आधारकार्डावर काहीही लिहिलेलं असो, तिनं स्वतः तुला वय सांगितलं आहे. ते ऐकल्यावर कायद्यानं तुला गप्प राहता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची संमती धरली जात नाही. लग्न झालंय म्हणून सूट नाही. बलात्काराच्या कलमात अल्पवयीन पत्नीपुरता जो अपवाद होता, तोही सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१७ मध्ये बाजूला केला. माहीत असून न कळवणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा हे पत्र वाचून झालं की वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेट आणि जे ऐकलंस ते लेखी दे. देऊन मोकळी होऊ नकोस. पोलिसांना कळवलं गेलं का, बाल कल्याण समितीपर्यंत गोष्ट पोचली का, याचा पाठपुरावा कर.

आणि तिला अंधारात ठेवू नकोस. तिनं विश्वासानं सांगितलेलं तिच्या पाठीमागे कागदावर गेलं, तर पुढच्या तपासणीला ती येणार नाही. मग सतराव्या वर्षीचं बाळंतपण घरात किंवा कुठल्या तरी खाजगी खोलीत होईल. रक्त कमी, बीपी वाढलेलं, बाळंतपण अडलेलं, हे सगळं या वयात जास्त होतं, ते तुला मी सांगायला नको. तिला एकटीला बसव. काय करावं लागणार आहे, का करावं लागणार आहे, त्यातून घरात काय होऊ शकतं, हे तिला समजेल अशा भाषेत सांग. तपासण्या आणि बाळंतपण कोणीही नाकारू शकत नाही, हे सासूलाही सांग. आणि तिला ते प्रश्न विचार जे त्या दिवशी कोणीच विचारले नाहीत. शाळा कधी सुटली? लग्न तुला हवं होतं का? घरात कोणी मारतं का? या बाळानंतर पाळणा लांबवायचा आहे का?

हा कायदा अशा घरात फार जड पडतो, हे मी लपवणार नाही. ज्या मुलीला बाळंतपणाच्या वेळी नवरा जवळ हवा असतो, तिच्याच जबाबानं तो आरोपी होतो. कायद्याच्या मागचा हेतू मला पटतो. त्याचा असा परिणाम पाहून मला त्रास होतो. तरीही मी तुला लपवायचा सल्ला देणार नाही. लपवल्यावर त्या मुलीला कायद्याचा जाच टळत नाही, तो फक्त उशिरा येतो, आणि मधल्या काळात तिच्याकडे पाहायला कोणी नसतं.

आता एकोणीस वर्षांची.

तिला अडवणारा कोणताही कायदा या देशात नाही. निरोध, माला-एन किंवा छाया या गोळ्या, अंतराचं इंजेक्शन, तांबी, यातलं काहीही द्यायला लग्नाचा दाखला लागत नाही. अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीला गर्भपात करून घ्यायचा असेल तर फक्त तिची संमती पुरते. आईबापांची सही लागत नाही, नवऱ्याचीही नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यात संततीनियमनाचं साधन फसल्याचा मुद्दा होता, पण तो 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यापुरता. २०२१ च्या दुरुस्तीनं तिथे 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. पुढे २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भपातातही विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही. म्हणजे तुझ्या खोलीतून जी मुलगी उठून गेली, तिच्या बाजूनं देशाचं सर्वोच्च न्यायालय उभं आहे. हे तुला पाठ पाहिजे, सिस्टरनाही पाहिजे.

सिस्टरवर मात्र चिडू नकोस. त्या वाक्याचं मूळ त्या हातात घेऊन गेल्या त्या रजिस्टरमध्ये आहे. आपल्याकडे गावोगाव जी नोंदवही ठेवतात तिचं नाव जननक्षम जोडप्यांची नोंदवही. त्यात नाव यायला जोडपं व्हावं लागतं. आणि बायकोचं वय त्यात पंधरापासून धरतात. लग्नाचा कायदा अठरा म्हणतो, नोंदवही पंधरा म्हणते! म्हणून तुझ्या दुसऱ्या मुलीला त्या वहीत सहज जागा मिळाली आणि पहिलीला मिळाली नाही. जिला जागा मिळाली ती कायद्यानं बालक, जिला नाही मिळाली ती कायद्यानं सज्ञान. रुग्णालयात वागणूक नेमकी उलटी मिळाली, कारण तिथे पहिल्यांदा पाहतात ते मंगळसूत्र.

हे आजचं नाही. कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला तो लोकसंख्या आवरायला. त्यामुळे सगळी मोजणी मुलांची आणि मुलं होणाऱ्या घरांची झाली. आजही संततीनियमनाची गरज असून साधन न मिळालेल्या स्त्रियांचा जो आकडा दिला जातो (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तो ९.४ टक्के होता), तो विवाहित स्त्रियांचा असतो. तुझी ती मुलगी त्या ९.४ मध्ये नाही आणि उरलेल्या ९०.६ मध्येही नाही. तिची गरज मोजलीच गेली नाही, तर कुठल्या बैठकीत कोण तिच्याबद्दल बोलणार?

मी स्वतः हे केलेलं आहे. नव्यानं ग्रामीण रुग्णालयात रुजू झाले तेव्हा बाईच्या केसपेपरवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: लग्न झालंय का? अंगावरून पांढरं जातंय म्हणून एक मुलगी आली. हो म्हणाली, गळ्यात काळे मणी होते. मी औषधं लिहिली आणि नवऱ्यालाही घेऊन ये म्हणाले. ती परत आली नाही. काही महिन्यांनी दुसरीच एक मुलगी आली आणि तिच्या गळ्यातही तेच मणी होते, मधे एक लाल मणी ओवलेला, ओळखू येईल असा. मैत्रिणी-मैत्रिणींमध्ये ते फिरत होते, डॉक्टरकडे जायला. त्या मुलींना दवाखान्यात शिरायला उसनं मंगळसूत्र लागत होतं, आणि ते लागत होतं माझ्या पहिल्या प्रश्नामुळे. त्यानंतर तो प्रश्न मी शेवटी न्यायला लागले, आणि पुष्कळदा विचारायची गरजच पडली नाही. पांढऱ्या पाण्याचं औषध लग्न पाहून बदलत नाही.

तुझ्या पीपीटींमध्ये जी मुलं आहेत पण तुझ्यासमोर कधी येऊन बसत नाहीत ती कुठून आली, हे आता सांगते, कारण बैठकीत तुला त्यांच्याशीच सामना आहे.

शाळेत लैंगिकता शिरली ती रोगाच्या दारातून. २००५ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि केंद्राचं मनुष्यबळ विकास मंत्रालय यांनी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला. भीती एचआयव्हीची होती. त्यामुळे पहिल्या पानापासून तरुण म्हणजे जोखीम. दोनच वर्षांत, २००७ मध्ये, महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. कारण काय, तर मुलं बिघडतील. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनंही शाळेत लैंगिक शिक्षण नको असंच म्हटलं. गंमत नाही, दुःख वाटतं मला याचं. आणणारे आणि थांबवणारे एकमेकांशी भांडत होते, पण दोघांच्या मनातलं पोर एकच होतं: आत काहीतरी स्फोटक भरलेलं, हात लावला तर फुटणारं. एकानं म्हटलं माहिती देऊन ते निकामी करू, दुसऱ्यानं म्हटलं माहितीच ठिणगी आहे. त्या पोराला स्वतःची काही समज असेल, त्याला एखादी गोष्ट नीट करायची असेल, हे कोणाच्याच डोक्यात नव्हतं.

आपली बोलीही तशीच आहे. पाऊल घसरलं, हाताबाहेर गेली, लफडं केलं, वाहवत गेला. मुलाला झोपेत वीर्य गेलं तर त्याला नाव 'स्वप्नदोष'. ज्यात दोष काहीच नाही त्याच्या नावातच दोष! असा मुलगा तुझ्याकडे कसा येईल? तो जातो भिंतीवर रंगवलेल्या 'गुप्तरोग तज्ज्ञा'कडे, खिसा रिकामा करून. तू मुलग्यांचं काही लिहिलं नाहीस. बहुधा ते येत नसतील. तुझ्या खोलीत शिरल्यावर समोर कोणतं पोस्टर दिसतं ते एकदा परक्याच्या डोळ्यांनी बघ. बहुतेक ठिकाणी दोन वेण्या घातलेली, हातात गोळी घेतलेली मुलगी असते. मुलगा कुठेच नसतो. आणि जिथे असतो तिथे आरोपी म्हणून.

मुलगी असते, पण तीही स्वतःसाठी नसते. 'उद्याची माता' हा शब्द तुला टोचला, मलाही टोचतो. लोहाची गोळी तिला द्यायचीच, त्यात वादच नाही. पण का द्यायची? तिला जिना चढताना धाप लागते म्हणून, वर्गात तिचं डोकं जड होतं म्हणून. आणि कागदावर कारण काय येतं, तर उद्या तिचं बाळ कमी वजनाचं होऊ नये! डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये जो अभ्यास केला तो १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि अभ्यासात तेरा वर्षांपुढच्या मुलीही होत्या. गर्भ नसतानाही बाईला गर्भाशय असतं, ते दुखतं, त्याला जंतुसंसर्ग होतो, हे आरोग्यव्यवस्थेला तेव्हा ठळक दिसलं. तिथेच पुढे तारुण्यभान शिबिरं सुरू झाली, मुलं-मुली दोघांसाठी. शक्य झालं तर एकदा जाऊन बसून ये. मुलांशी या विषयावर न घाबरता, न घाबरवता कसं बोलायचं हे मी कागदावर समजावू शकत नाही, ते पाहावंच लागतं.

स्फोटक पोर आणि उद्याची माता यांच्यानंतरची तिसरी मूर्ती बळीची. हिच्याबद्दल मी जपून बोलते, कारण ती खरी आहे. अत्याचार होतात, घरातले लोक करतात, आणि तुझ्या खोलीत बसलेली एखादी मुलगी ते पहिल्यांदा तुलाच सांगणार आहे. तेव्हा 'बळी वगैरे काही नसतं' असं बैठकीत चुकूनही म्हणू नकोस. एवढंच म्हण की दोन मुलींना वेगळं ओळखता येईल अशी खोली आणि असा वेळ आम्हाला द्या. जिच्यावर जबरदस्ती झाली तिलाही आणि जी आपल्या मनानं कोणाबरोबर आहे तिलाही आपण एकच शब्द लावतो, तेव्हा पहिली दुसरीच्या गर्दीत हरवते.

इथे तुझ्या कामाची एक गोष्ट. सरकारचं स्वतःचं कागदपत्र तुझ्या बाजूनं आहे. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम वाच. दहा ते एकोणीस वयाची सगळी मुलं त्यात आहेत: मुलगा-मुलगी, शाळेतली-शाळेबाहेरची, आणि स्पष्ट शब्दांत, विवाहित-अविवाहित. त्याच कार्यक्रमाच्या साथियांसाठी, म्हणजे मुलांमधूनच निवडलेल्या मित्र-शिक्षकांसाठी, डिसेंबर २०१६ मध्ये जो संच आला, त्यात या वयात कोणाबद्दल तरी ओढ वाटणं, मग ती व्यक्ती दुसऱ्या लिंगाची असो वा आपल्याच, हे स्वाभाविक आहे असं म्हटलं आहे. परस्परांची संमती आणि मान हवा, असं सांगितलं आहे. मुलग्यानं रडलं तरी चालतं, असंही. सरकारी पुस्तिकेत! मी ते वाचलं तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं. दिल्लीहून निघालेला हा कागद तालुक्याला पोचेपर्यंत त्यातली मुलं बदलून 'समस्या' कशी होतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तू ते 'विवाहित-अविवाहित'चं पान छापून घे आणि टेबलाच्या काचेखाली ठेव. कोणी आत येऊन पुन्हा तसं बोललं, तर वाद न घालता फक्त बोट ठेव.

बैठकीत पहिल्यांदा विषयाचं नाव बदल. 'किशोरवयीनांच्या समस्या' ऐवजी 'किशोरवयीन आमच्याकडे काय विचारायला येतात' असं ठेव. परवानगी मागू नकोस, स्लाइडवर थेट तसंच लिही, कोणी हरकत घेईल असं वाटत नाही. मग दोन वर्षांत तुला विचारले गेलेले प्रश्न वाचून दाखव. नाव नाही, गाव नाही, कॉलेज नाही. आणि त्या दोघींचा उल्लेख तर अजिबात नाही. जिल्हा लहान असतो, चहाच्या टपरीवर जोडणी लागते. फक्त प्रश्न, मुलांच्याच शब्दांत: पाळी दोन महिने आली नाही तर काय, एकदाच झालं तर दिवस जातात का, त्याला नाही कसं म्हणू, गोळीनं जाड होतात का. तुझ्या वहीतले तुला ठाऊक आहेत. पाच मिनिटं नुसते प्रश्न वाच. साहेब लोकांना त्या प्रश्नांमध्ये स्वतःचं तरुणपण ऐकू येईल, काहींना स्वतःची मुलगी.

कोणीतरी म्हणेलच, "मग काय, मोकळीक द्यायची का?" चिडून उत्तर देऊ नकोस. सांग की जो मुलगा निरोध मागायला आला, जी मुलगी आधी विचारायला आली, ती दोघं आपल्या मोठ्या माणसांपेक्षा पुढचा विचार करून आली आहेत. त्यांना आपण परत पाठवलं तर संबंध थांबत नाहीत, फक्त पुढच्या वेळी ती तीन महिने उशिरा येतात, पोटात दुखतंय म्हणून, कुठून तरी गोळ्या खाऊन. हे त्या खोलीतल्या प्रत्येक डॉक्टरानं पाहिलेलं असतं. नुसती आठवण करून दे.

मागायचं ते थोडंच माग, पण नेमकं माग. केसपेपरवरचा लग्नाचा रकाना समुपदेशनाच्या वेळी आधी भरायची सक्ती नको. आठवड्यातून एक दुपार मुलग्यांसाठी, शक्य असल्यास पुरुष समुपदेशकाबरोबर. आणि तुझ्या खोलीतलं ते रजिस्टरचं कपाट दुसरीकडे हलवा, म्हणजे तिथे कोणाला यावंच लागणार नाही. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि त्याला निधी लागत नाही.

पहिल्या मुलीला शोधायला आशाताईंना पाठवू नकोस. तिचा नंबर नोंदवहीत असला तरी फोन लावू नकोस, तो आईनं उचलला तर तिचं कॉलेज बंद होईल. तिच्या कॉलेजात जाऊन एक तास घे, पाळीवर घे, रक्तक्षयावर घे, प्राचार्यांना चालेल ते घे. शेवटी फळ्यावर तुझी वेळ लिही आणि म्हण, "लग्न झालेलं असो-नसो, कोणीही या. एकदा माझ्याकडून एका मुलीचं ऐकून घ्यायचं राहिलं, तसं परत होणार नाही." ती वर्गात असेल तर तिला कळेल. आली तर आधी माफी माग. मग निरोध आणि गोळ्या दोन्हींबद्दल सांग, आणि संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची घाईच्या वेळची गोळी नीट समजावून सांग. तिचा मित्र बाहेर थांबला असेल तर तिला विचारून त्यालाही आत बोलाव, त्यालाही ते कळायला हवं.

सिस्टरबरोबर एकदा चहा घे. त्यांना न्यायालयाचा निकाल सांग, पण त्याआधी त्यांच्या लग्नात त्या किती वर्षांच्या होत्या ते विचार आणि ऐकून घे.

तुझ्या दाराला आतून कडी आहे का? पत्रावरून वाटतं, नसावी. बैठकीची वाट न पाहता ती या आठवड्यातच लावून घे.

तुझी,
ताई